नळाच्या आधीचा आवाज

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी आणि माझ्या मैत्रिणीनं प्रोजेक्ट म्हणून एक कॉम्प्युटर गेम केला. गेम पाण्याचा होता. पुंडलिकनगरात वाढलेल्या मुलीला दुसरं काय सुचणार? आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा यायचे, तेही दिवसभरात कधी येतील त्याचा नेम नाही. गेममधली बाई घरात झाडलोट करत असते. नळ आले की खेळणाऱ्यानं बटण दाबून तिला मोरीकडं पळवायचं आणि पाणी जायच्या आत भांडी भरून घ्यायची. प्रोग्रॅमिंग मैत्रिणीकडं होतं, आवाज माझ्याकडं.

नळ आल्याचं खेळणाऱ्याला कळणार कसं, यावरून आमचं वाजलं. मैत्रीण करमाडची. तिच्या घरी बोअर, खटका दाबला की पाणी. तिनं इंटरनेटवरून एक भोंगा उतरवून घेतला होता. तो ऐकूनच माझं डोकं फिरलं. नळ आले म्हणून कुणाच्या घरी भोंगा वाजतो? पाण्याआधी नळातून हवा येते, फुसफुस होते, एक गचका बसतो आणि मग धार लागते. तेवढी फुसफुस पुरे, असं माझं म्हणणं.

"लई बारीक आवाज आहे तो," ती म्हणाली. "परीक्षकाला नाय कळला तर गेम तिथंच संपला. अन् मार्क काय तुझ्या एकटीचे नायत."

तिचंही खरं होतं. तिच्या घरातली इंजिनिअर होणारी ती पहिलीच, आणि या प्रोजेक्टवर तिची सगळी भिस्त होती. मी म्हटलं, खरा आवाज आणून दाखवते, मग बोल.

आमच्या पाण्याच्या दिवशी मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून मोरीच्या कट्ट्यावर ठेवून दिला. "आधी बादली लाव, मग तुझा मोबाईल," असं आई दोनदा तरी ओरडली असेल. पण रेकॉर्डिंग झकास झालं. हेडफोन लावून ऐकायला बसले, तर फुसफुस अगदी स्पष्ट आली होती. फक्त तिच्या आधी आईच्या चपला वाजत होत्या, आणि हंडा खाली ठेवल्याचा आवाज.

मी मागं जाऊन पुन्हा ऐकलं. खरंच, नळात हवासुद्धा आली नव्हती तेव्हा आई हंडा घेऊन मोरीत हजर होती. कसं काय? विचारलं तर पोळी लाटता लाटता म्हणाली, "कळतं."

हे काही उत्तर झालं का? मी आवाज वाढवत गेले. पंख्याच्या घरघरीखाली लांब कुठंतरी भांडी वाजत होती. टाकीकडच्या गल्लीत आमच्याआधी पाणी येतं, तिथल्या बादल्यांची ती आदळआपट. शेजारच्या खोलीतून मी चार हाका मारल्या तरी या बाईला ऐकू येत नाही, आणि हे ऐकू येतं!

"तू सारखी तिकडंच कान लावून असतेस का? दुपारी आडवी झालीस तरी?"

"मग कोण ऐकणार?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं.

ती लांबची भांडी मी गेममध्ये फुसफुशीच्या आधी घातली. मैत्रिणीनं आमच्या घरी येऊन ते ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. "तुमच्या गल्लीतल्याच माणसावर करून बघू. त्यालाच नाय कळलं तर भोंगा ठेवायचा." घरात आईच होती.

"काकू, या बसा. पाणी आलंय असं वाटलं की हे बटण दाबायचं. बाकी काही नाय."

आदल्या दिवशीच नळ येऊन गेले होते. घरातली जवळजवळ सगळी भांडी काठोकाठ भरलेली होती. आई चष्मा लावून बसली, शॉक बसेल या भीतीनं तिनं बेतानंच बटणावर बोट टेकवलं. गेम सुरू झाला. बाई झाडू लागली. थोड्या वेळानं लांबवर भांडी वाजली.

आईचं बोट बटणावरून उचललं गेलं. ती उठली, पदर खोचला आणि आमच्याकडं न बघता आत निघून गेली. स्क्रीनवर नळ फुसफुसला, पाणी आलं, पाणी गेलं. बाई झाडतच राहिली.

"काकू हरल्या," मैत्रीण हळूच म्हणाली. आतून तोटी फिरवल्याचा आवाज आला. आम्ही दोघी हसलो नाही. तिनं लॅपटॉप पुढं ओढला आणि भोंगा काढून टाकला.

मी मोरीच्या दारात गेले. कोरड्या नळाखाली आईनं घरातली एकुलती एक रिकामी कळशी लावली होती.

"कालच तर येऊन गेले ना गं नळ," मी म्हटलं.

"ते माहीत आहे," आई म्हणाली. "पण आवाज आला होता." आणि ती तिथंच उभी राहिली.