मुद्देमालाचे गांगुर्डे नाना

नाशिकच्या सत्र न्यायालयात गांगुर्डे नाना मुद्देमाल कारकून होते. खुनाची हत्यारं त्यांच्या ताब्यात असत. साक्षीदारापुढे कोयता नेताना ते मूठ साक्षीदाराकडे आणि पातं स्वतःकडे धरत. मी तिथे नवा लघुलेखक होतो. असं का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "धार त्यानं एकदा पाह्यलीय."

चौऱ्याहत्तर साली फौजदारी खटल्यांची नवी पद्धत आली. पूर्वी साक्षीदार आधी मॅजिस्ट्रेटपुढे आणि मग पुन्हा आमच्याकडे तेच सांगत. ते बंद झालं. वकिलांची कुरकुर चालू होती, नाना मात्र खूश होते. नवऱ्याचा खून बाईने दोनदा का सांगायचा, असं त्यांचं म्हणणं.

त्यानंतर वर्षभरातच वणीकडचा खटला उभा राहिला. शेताच्या बांधाच्या भांडणातून धाकट्या भावाने थोरल्याची मान तोडली होती. थोरल्याची बायको सखूबाई साक्षीला आली. नानांनी कोयता पुढे केला. "हाच हाय," ती म्हणाली.

तेवढ्यात आरोपी कठड्यावरून उडी मारून आला आणि त्याने मूठ पकडली. नानांनी दोन्ही हातांनी पातं आवळलं. आरोपीने हिसका दिला, मग दुसरा. टेबलावर, माझ्या वहीवर रक्त उडालं. पोलिसांनी त्याला लाथाबुक्क्यांनी खाली पाडलं, तेव्हा नानांच्या उजव्या हाताची तीन बोटं जमिनीवर होती. पातं अजून डाव्या हातात होतं.

न्यायाधीश काम तहकूब करू लागले. नाना भिंतीला टेकून बसले होते, हाताला कुणाचा तरी फेटा गुंडाळलेला. पांढऱ्या पडलेल्या ओठांनी म्हणाले, "साहेब, बाईंचं आजच संपवा." ती साक्ष त्याच दुपारी पुरी झाली. आरोपीला जन्मठेप लागली.

कोर्टातल्या हल्ल्याचा खटला वेगळा चालला आणि नाना स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. "वार माझ्यावरच होता, असं सांगा, म्हणजे काम सोपं होईल," असं सरकारी वकिलांनी त्यांना आदल्या दिवशी बजावलं होतं. नाना म्हणाले, "माझ्यावर त्याचा राग नव्हता. त्याला बाईंपर्यंत जायचं होतं. मी पातं सोडलं नाही, म्हणून बोटं गेली."

सरकारी वकिलांनी मान खाली घातली. बचावाच्या वकिलाने विचारलं, का नाही सोडलं?

"मागे बाई होत्या," नाना म्हणाले.

तेवढ्यावरच आरोपीला सखूबाईच्या खुनाच्या प्रयत्नाबद्दल शिक्षा झाली.

नाना पुढे रेकॉर्ड रूममध्ये गेले, डाव्या हाताने लिहायला शिकले. ऐंशी सालानंतर वारले. गावच्या हवालदाराकडून कळल्यावर सखूबाई एस.टी.ने आली. अंत्ययात्रा निघाली होती. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आमी नुसतं नानाच म्हणायचो. त्यांचं नाव काय व्हतं?"

मी सांगितलं, तुळशीराम.

तिने ते दोनदा पुटपुटून पाहिलं आणि बायकांच्या मागून चालू लागली.