कमरेवर छापलेलं पिस्तूल

ऐका ना, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. ताट समोर तसंच ठेवलंय, आई दोनदा ओरडून गेली, आणि मी टाइप करतोय. चुका झाल्या तर समजून घ्या. मला दोन सह्या पाहिजेत. दोनच. उद्या दुपारी हवालदार घरी यायच्या आधी. आणि ज्या आळीत मी लहानाचा मोठा झालो तिथे मला त्या मिळत नायत.

आधी सह्या कशाला ते सांगतो. मी चिंचणीचा. डिप्लोमा झाला, दीड वर्ष बाबांबरोबर वाडीत केळीला पाणी सोडत बसलो, आणि आत्ता कुठे एका ठेकेदाराकडून तारापूरच्या अणुवीज प्लांटमध्ये काम मिळालं. पण प्लांटचं गेट म्हणजे आपल्या वाडीचं फाटक नाय. आधी पोलीस व्हेरिफिकेशन, मग पास, मग आत. व्हेरिफिकेशनला हवालदार घरी येतो, आणि आळीतल्या दोन माणसांनी लिहून द्यायचं की या मुलाला आम्ही ओळखतो, याची वागणूक चांगली आहे. आमच्याकडे अर्ध्या घरांतून कोणी ना कोणी प्लांटला जातं, त्यामुळे या सह्या म्हणजे मीठ मागण्यासारखं. कोणी नाय म्हणतच नाय. म्हणजे म्हणत नव्हतं.

मागच्या महिन्यात मी व्हेरिफिकेशनचे कागद द्यायला पालघरला गेलो. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. काम एका तासात झालं, पोच मिळाली, तिच्यावर माझा फोटो आणि पोलिसांचा गोल शिक्का. मी इतका खूश होतो की बोईसरला एस.टी.तून उतरल्यावर सरळ घरी जायचं सोडून बाजारात घुसलो. तिथे तो टी-शर्ट दिसला.

काळा. पुढे काहीच नाय. फक्त कमरेच्या उजव्या बाजूला चामड्याचं कव्हर छापलेलं आणि त्यातून पिस्तुलाची मूठ बाहेर आलेली. सावली-बिवली सगळं बरोबर. दोन हातांवरून बघितलं तर कळतं की चित्र आहे. दहा हातांवरून नाय कळत. दुकानवाला म्हणाला, "पहन के देखो भैया, एकदम असली लगता है." मी तिथेच पडद्यामागे शर्ट बदलला. पांढरा शर्ट बॅगेत, काळा अंगात.

आणि खरं सांगतो, मजा आली. वडापावच्या गाडीवर कंपनीतून सुटलेले दोघं उभे होते. एकजण बघून हसला, "अरे भाई, किसको टपकाने चला?" दुसरा म्हणाला, "पहले इसको वडा दे, फिर बाकी को दे." मी पण हसलो. पण त्याच वेळी एक बाई मुलाला घेऊन माझ्यामागे रांगेत होती, ती न खाताच निघून गेली. मुलगा मागे वळून बघत होता आणि ती त्याचं डोकं हाताने पुढे फिरवत होती. मी ते बघितलं. बघितलं आणि मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला बघून बाजूला झालं होतं. हे लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

चिंचणीच्या शेअर रिक्षेत बसलो. नेहमी जिथे मांडीवर बॅग घेऊन तिरकं बसावं लागतं, तिथे मला आपोआप मोकळी जागा झाली. शेजारी एक मावशी होती, रिकामी पाटी पायाशी, मासे विकून परत चाललेली. तिने एकदा कमरेकडे बघितलं आणि पाटी उचलून दोघांच्या मध्ये ठेवली. रिक्षावाला कोण कुठला विचारणारा माणूस, मी त्याच्या रिक्षेतून आधीही आलोय, त्या दिवशी एक शब्द नाय. फक्त आरसा थोडा खाली केला. सालवडला समोरच्या सीटवरचे दोघं उतरले. उतरून ते कुठेच गेले नाय. तिथेच उभे राहून रिक्षेकडे बघत राहिले.

आणि मोबाईल वाजला. आमच्या गावाच्या ग्रुपवर मेसेज: "काळा टी-शर्ट, कमरेला हत्यार, एकटाच हाय, बोईसरवरून किनाऱ्याकडे निघालाय. सगल्यांनी लक्ष ठेवा."

आता बाहेरच्यांना हे सांगायला पाहिजे. आमच्या किनाऱ्यावर अधूनमधून मॉकड्रिल असतं. पोलीस आपलीच माणसं साध्या कपड्यात, नकली हत्यारं देऊन सोडतात. कधी होडीतून, कधी रस्त्याने. गावातल्या रखवालीच्या पोरांनी त्यांना हेरून पकडायचं. पकडलेल्याच्या खिशात पोलिसांचा शिक्का असलेली चिठ्ठी असते, ती निघाली की टाळ्या, साहेबांबरोबर फोटो, गावाचं नाव. ज्या गावातून निसटला त्या गावाची वर्षभर टर. मागच्या वेळी आमच्या पोरांनी त्या नकली माणसाला पाहुणा समजून चहा पाजला होता, पत्ता पण सांगितला होता. अजून ऐकवतात.

तर मला वाटलं, ड्रिल चालू आहे! मी काय केलं असेल? मी तो मेसेज तीन ग्रुपवर पुढे ढकलला. वर स्वतःचं लिहिलं, "पकडा रे त्याला, या वेळी सोडायचा नाय! मी पण रस्त्यातच आहे!!" आणि रिक्षेतून बाहेर बघायला लागलो, काळा टी-शर्ट कुठे दिसतोय का. खरंच. मान बाहेर काढून शोधत होतो.

मग फोटो आला.

फोटोत एक कमर होती, त्यावर मूठ, बाजूला माझी निळी बॅग, आणि खाली कोपऱ्यात माशांच्या पाटीची कड. ती पाटी माझ्या गुडघ्याला लागून होती. फोटो या रिक्षेतूनच काढलेला होता, आत्ताच. मी मावशीकडे बघितलं. तिने मोबाईल पदराखाली धरला होता आणि ती समोर रस्त्याकडे बघत होती, डोळे न हलवता.

"मावशी, छापलेलं आहे हे. बघा ना."

मावशीने पाटी अजून माझ्याकडे सरकवली.

मी मूठ झाकायला बॅग कमरेवर ओढली. म्हणजे बघणाऱ्याला काय दिसलं? माझा हात कमरेकडे गेला. रिक्षावाला आरशातूनच म्हणाला, हळू आवाजात, "हात वर ठेव. दोन्ही. दांडीला धर." मी धरली. अगदी घाबरलेल्या माणसाचा आवाज होता तो, आणि घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाय हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

खाडीच्या पुलाच्या अलीकडे रिक्षा थांबली. तिथे आधीच सात-आठ बाईक आडव्या लावलेल्या. मी उतरलो, हात वरच. पुढे होती ती रखवालीची पोरं, तारापूरच्या बाजूची. मी त्यांना ओळखत नव्हतो, ते मला. ती हसत होती, मोबाईल वर करून. "पकडला! आपण पकडला! चिंचणीवाल्यांना सांगा, आता तुमी चहाच करा!" पण त्यांच्या मागे अजून माणसं जमत होती, आणि ती हसत नव्हती. त्यांना ड्रिल-बिल माहीत नव्हतं. त्यांनी फक्त मेसेज वाचला होता. एकाच्या हातात सुके बोंबील टांगायचा बांबू होता. एक म्हातारे बाबा सारखे विचारत होते, "आनखी किती हायत? बाकीचे कुटं हायत?"

"चिठ्ठी काढ," पुढचा पोरगा म्हणाला.

"कसली चिठ्ठी? मी ड्रिलचा नाय."

"सगले असंच बोलतात. काढ लवकर, उन्हात नको उबं करू."

माझ्याकडे शिक्का असलेला एकच कागद होता. मला वाटलं तो बघून सुटेन. मी पोच काढून दिली. त्याने अर्धवटच बघितली, गोल शिक्का दिसला आणि ओरडला, "शिक्का हाय! खरा हाय!" पोच हातोहात फिरली. मला मध्ये उभं केलं, पोच छातीवर धरायला लावली, आणि फोटो काढले. कमरेला पिस्तूल, हातात पोलिसांचा कागद, कागदावर माझं नाव. मी हसलो पण त्या फोटोत. सगळे हसत होते म्हणून.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "थांब रे. हा तर पलीकडचा केळीवाल्यांचा पोरगा."

मोबाईल खाली आले. एकदम. ड्रिलचा माणूस असतो तर टाळ्या होत्या. बाहेरचा असतो तर काय ते झालं असतं. पण मी गावचाच निघालो, आणि गावचा पोरगा कमरेला हे लावून प्लांटच्या रस्त्याने का येईल, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. बांबूवाला दोन पावलं पुढे आला. पुढचा पोरगा मला विचारत होता, आता हळू, "तू नायस त्यातला? मंग कोनी पाठवला तुला?"

तेवढ्यात नाक्यावरचे हवालदार आले. मोटारसायकल उभी केली, सरळ माझ्या कमरेला हात घातला आणि कापड चिमटीत धरून ओढलं. "कापड आहे," ते म्हणाले. कोणी हसलं नाय. त्यांनी पोच मागितली. वाचली. मग माझ्याकडे बघितलं, मग परत पोच.

"व्हेरिफिकेशन तुझंच?"

"हो साहेब."

"चिंचणीची चौकशी माझ्याकडेच येते." त्यांनी खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला आजपर्यंत माहीत नाय. "हा काढ आणि उलटा घाल."

मी सगळ्यांसमोर टी-शर्ट काढला आणि उलटा घातला. बॅगेत पांढरा शर्ट होता, पण मला तो आठवलाच नाय. माणसं पांगली. मावशी अजून रिक्षेतच बसून होती. मी बाजूने जाताना म्हणाली, "छापलेला हाय ता मना बी समाजला नंतर. पन घालताना तुला कोनाला भिववायचा होता रं पोरा?"

मला ती वडापावच्या गाडीवरची बाई आठवली.

मला वाटलं होतं चार दिवसांत विसरतील. पण फोटो गाव सोडून गेला. पोरांनी ड्रिलचा माणूस समजून धरला होता, हे कोणी लिहिलंच नाय. सुरतला असलेल्या मामाला तो फोटो "तारापूरजवळ अतिरेकी धरला, पोलिसांचे खोटे कागद सापडले" असं म्हणून आला. आणि दुसरीकडे माझा स्वतःचा मेसेज फिरतोय, माझ्या नावाने, "पकडा रे त्याला, मी पण रस्त्यातच आहे." लोक दोन्ही जोडून बघतात. किराणा दुकानात कोणीतरी म्हणालं, याने मुद्दाम सगळ्यांना धावायला लावलं. मी आत गेलो तर विषय पावसावर गेला.

आज संध्याकाळी हवालदारांचा फोन आला. उद्या दुपारी येतो, दोन माणसं तयार ठेव. ठेकेदाराचा माणूस तर रोज विचारतो, सोमवारी बॅच आत जातेय, पास नसेल तर दुसरा पोरगा घेतो.

मी समोरच्या काकांकडे गेलो. ते घरीच दागिन्यांचे डाय, म्हणजे साचे, बनवतात, दिवसभर ठकठक चालू असते, आमचं घड्याळच ते. माझ्या ताईच्या वेळी त्यांनीच सही केलेली. मी ओटीवर पाय ठेवला आणि ठकठक थांबली.

"काका, उद्या एक सही हवी होती."

"करू की." त्यांनी हातोडी खाली ठेवली, मग परत उचलली. "पन उद्या मी पालघरला चाललोय. काम हाय."

"परवा चालेल का, मी साहेबांना विचारतो."

"परवा पन हाय बाबा." मग माझ्याकडे न बघता, "तुला लहानपणापासून बघतोय रे मी. चांगलाच हायस. पन लिहून द्यायचं म्हंजे... उद्या काय झालं तर माझा पोरगा पन तितंच कामाला हाय."

दुसऱ्या घरी टीव्ही चालू होता. मी कडी वाजवली आणि टीव्ही बंद झाला. दार उघडलं नाय. तिसऱ्या घरी काकू म्हणाल्या, हे आले की सांगते, आणि काकांच्या चपला दारातच होत्या. चौथ्या घरी मी गेलोच नाय. बाबा आता सह्या मागायला गेलेत, डोक्यावर टोपी घालून, जसे लग्नाचं निमंत्रण द्यायला जातात तसे. तासभर झाला, आले नायत. खिडकीतून दिसतंय, आळीच्या टोकाला कोणाशी तरी बोलतायत, आणि तो माणूस मान हलवतोय, पण हो म्हणून की नाय म्हणून ते इथून कळत नाय.

तुमच्याबरोबर असं झालंय का कधी? अंगात नुसतं काहीतरी घातलं, मजेत, आणि ओळखीची माणसं अनोळखी झाली? तुम्ही काय केलंत? तुमच्यासाठी सही कोणी केली? लिहा ना, आत्ताच लिहा.