नवं ते पेटीत

आमच्या मोठेबाबांना नवी वस्तू वापरणं म्हणजे पाप वाटायचं. हे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पेटीत कोरी धोतरं पडलेली असताना हा माणूस बोथच्या बाजारात ठिगळाचं धोतर नेसून छाती काढून हिंडायचा. कंजूष माणूस निदान लाजतो तरी. यांना त्याचाच अभिमान. "नवं तं कोनीबी वापरते," म्हणायचे, "जुनं चालवाले अक्कल लागते." ही अक्कल घरात कोणी मागितली नव्हती.

मी आदिलाबादला कॉलेजात होते तेव्हा त्यांनी एका बंद पडलेल्या गॅरेजातून कंप्रेसर आणून ओसरीत बसवला. कापूस निघाला की टायरच्या बैलबंड्या हवा भरायला आमच्या दारात उभ्या. मशीन आधीच थकलेलं. पिस्टनच्या रिंगा इतक्या झिजलेल्या की हवेबरोबर ऑइलही बाहेर यायचं. व्हॉल्वच्या पत्तीखाली मोठेबाबांनी जुन्या चपलेचं चामडं कापून घातलेलं. एक चाक भरेपर्यंत बैल खाली बसून रवंथ करायला लागत. बंडीवाला कुरकुरला की हे डोळे वटारायचे, "हवाच तं भरून राह्यलो ना बे, सोनं भरून राह्यलो का?"

इथवर हसण्यासारखं होतं. पण टाकीत दाब फार वाढला की जास्तीची हवा सोडून देणारा सेफ्टी व्हॉल्व असतो, तोही त्यांनी काढून फेकला आणि त्या भोकात बाभळीची खुंटी ठोकली. काऊन, तर "सू सू करते, हवा वाया जाते." मोटर आपोआप बंद करणारा स्विच कधीचाच मेला होता. मोटर चालू ठेवून हे पारावर गप्पा हाणायला जायचे, आणि त्याच टाकीसमोर पाट मांडून मोठीआई, त्यांची बायको, तुरीची डाळ निवडत बसायची.

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. घाबरायला जेवढं ज्ञान लागतं तेवढं माझ्याकडे होतं. उटनूरला शाळेत नोकरी लागली तशी नागपूरहून रिंगा, पत्त्या, गॅस्केट, स्विच आणि सेफ्टी व्हॉल्व घेऊन आले. मोठेबाबांनी पुडकं हुंगलं, त्याला कुंकू लावलं आणि पेटीत ठेवून दिलं. किल्ली कमरेच्या करगोट्याला.

"दसऱ्याले बसवू," म्हणाले.

दसऱ्याला पुडकं बाहेर आलं. त्याची पूजा झाली, झेंडू वाहिला, आपट्याचं पान ठेवलं, आणि पुडकं परत पेटीत. पुढच्या दसऱ्यालाही तेच. रिंगा आमच्या घरात देव झाल्या आणि मशीन चपलेवर चालत राहिलं.

"मोठेबाबा, काही झालं तं मोठीआईचं काय होईन?" मी भांडायची.

"तिले काय होते? मशीनपेक्षा जुनी हाये ते."

एका दिवाळीच्या सुट्टीत मी अंगणात होते. मोठीआई सूप आणायला आत गेली, आणि बंदुकीसारखा बार झाला. खुंटी सुटून तिच्या रिकाम्या पाटावरून गेली होती आणि भिंतीशी ठेवलेली लोणच्याची बरणी फुटली होती. पाटाखालून खार वाहत होता. मोठेबाबा पारावरून धावत आले. आधी टाकी चाचपली. मग बायकोकडे बघून म्हणाले, "पाह्य! खुंटी उडाली, टाकी वाचली. याले सेफ्टी नाई तं काय म्हनाव?"

असला मूर्खपणा मी पुढे मोठमोठ्या साहेबांतही पाहिला नाही.

मोठीआईनं सरळ त्यांच्या करगोट्याची किल्ली ओढून घेतली आणि पुडकं आणून माझ्यापुढे आदळलं. "बसव वं बाई. जुनी असीन मी, पन फुटाले नाई बसली."

मी हेड उघडलं. चामड्याच्या तुकड्यावर चपलेच्या अंगठ्याचा ठसा अजून होता. नव्या रिंगा चढवल्या, त्यांची तोंडं एका रेषेत येऊ दिली नाहीत, नाहीतर हवा तिथूनच निसटते. मी बोटांनी रिंगा दाबून धरल्या आणि मोठीआईनं वरून सिलिंडर हळूच उतरवला, कढई उतरवावी तसा. खुंटीच्या भोकात सेफ्टी व्हॉल्व बसला, स्विचही बदलला. मोठेबाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. घरात कोणी गेल्यासारखे. पहिल्या बंडीचं चाक बिडी पेटेपर्यंत भरलं, तरी हे म्हणतात, "नव्याचे नऊ दिवस."

मग उठले. झिजलेल्या रिंगा, पत्त्या, चामडं, सगळं गोळा केलं, एका कोऱ्या धोतरात बांधलं आणि पेटीत ठेवलं.

त्यानंतर काही वर्षांनी ते गेले. नेसवायला कोरं धोतर हवं म्हणून मोठीआईनं पेटी उघडून वरचंच ओढलं, तर रिंगा खळखळ करत जमिनीवर पडल्या. पांढऱ्या कापडावर काळ्या ऑइलची वर्तुळं उमटली होती. मी म्हटलं, "दुसरं घे मोठीआई, हे खराब झालं."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि तेच धोतर झटकलं.

"राहू दे. जुनं झालं हे. आता नेसतीन ते."