सोमनाथ सरांचं साटंलोटं

चकलांब्याच्या सोमनाथला माणसं मोजायचा नाद होता आणि त्या नादावरच त्यानं पीएचडी मिळवली. मेंढपाळाच्या घरातलं पोरगं लोकसंख्याशास्त्राचं डॉक्टर झालं, म्हणून गावाला कोण कौतुक. तालुक्याला एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर शिकवायचा. जिल्ह्यात मुली किती कमी जन्मल्या आणि आता मुलांच्या लग्नांचं काय होणार, हा त्याचा अभ्यासाचा विषय. काय होणार ते बघायला त्याला लांब जावं लागलं नाही. छत्तिशी उलटली तरी त्याला कुणी मुलगी देईना.

पाहणीला गेला की तो बायकांना मुलीचं वय थेट विचारत नसे. लग्न झालेली असली की सगळ्या बिनदिक्कत अठरा सांगतात. तो विचारायचा, "मावशी, पोरगी छावणीच्या आधीची का नंतरची?" छावणी म्हणजे मोठ्या दुष्काळातली जनावरांची चारा छावणी. ते साल कुणी विसरत नाही. खोटं वय पकडण्यात सोमनाथचा हात धरणारा कुणी नव्हता.

शेवटी उमापूरचे सुंदरराव तयार झाले. "आमची करिष्मा देतो," ते म्हणाले, "पण साटंलोटं करा. तुमच्या घरातली पोरगी आमच्या अभिमन्यूला पायजे."

सोमनाथला बहीण नव्हती. खरं तर दोन असत्या. बंकट आणि सोमनाथ झाल्यावर त्यांच्या आईनं, रतनबाईनं, दोनदा तपासून गर्भ पाडला होता आणि ते ती लपवतही नसे. "तवा कुणाला ठावं व्हतं पोरींचा भाव असा चढंल म्हून?" ती म्हणाली.

राहिली बंकटची मुलगी संस्कृती. आठवीतली, छावणीतच जन्मलेली. ती सोमनाथजवळ आली. "काका, मला लगीन न्हाई करायचं, तुमी सांगा ना त्यांला. तुमचं समदे ऐकत्यात." सोमनाथनं मान हलवली. पोरीला तेवढं पुरलं, ती निर्धास्त होऊन अभ्यासाला बसली.

बैठकीत सुंदररावांनी तिला न्याहाळलं. "पोरगी लई बारकी दिसती. उद्या कुणी तक्रार केली तर आमी आत जाऊ. सर, तुमी शिकलेले. हिचं वय किती?"

सगळे सोमनाथकडं बघायला लागले. खरा आकडा सांगितला असता तर पोरगी तिथंच सुटली असती. पण करिष्माचा फोटो त्यानं चार दिवसांत शंभरदा बघितला होता.

"अठरा झालीत," तो म्हणाला. "अंगानं बारीक हाय, एवढंच."

डॉक्टरच सांगतोय म्हटल्यावर छावणीचं कोण विचारतो? सुपारी फुटली. संस्कृती दाराआडून काकाकडं बघत होती, तिच्याकडं बघायचं धाडस त्याचं झालं नाही.

दोन्ही लग्नं एकाच मांडवात लागली. सोमनाथला संसार मानवला. करिष्मा गरम भाकरी वाढायची, हसून बोलायची, आणि कॉलेज सुटलं की त्याला घराची ओढ लागायची. नालायक माणूस, पण सुखात होता.

दिवाळीच्या तोंडावर संस्कृती एकटीच जीपमधून उतरली. कान सुजलेला, पाठीवर वळ. "मी न्हाई जाणार," एवढंच बोलली आणि आईच्या कुशीत शिरली. संध्याकाळी सुंदररावांचा फोन आला. "तुमची उद्या आली न्हाई, तर आमची बी बोलावून घेतो." करिष्मानं ऐकलं आणि बॅग काढली.

सकाळी सोमनाथनं मोटरसायकल बाहेर काढली. पोरीची आई दाराला धरून रडत होती. बंकट पांघरुणातून बाहेरच आला नाही.

उमापूर जवळ आलं तेव्हा संस्कृती मागून म्हणाली, "काका, मी माघारी राहिले तर काकूला बोलावून घेतील, म्हून न्हेताव का मला?"

"व्हय."

मग म्हणाली, "आन मी हितं मेले तर?"

सोमनाथनं विचार केला. नीट, शांतपणे केला. साटंलोटं मोडतं ते पोरगी माघारी आली तर. मेली तर दुसरीला कुणी बोलावत नाही.

"गप बस," तो म्हणाला आणि गाडी सुंदररावांच्या दारात नेऊन उभी केली.