जर्मन बहीण

लाँड्रीवाल्या ताईला दोन गोष्टींचा भारी नाद: कडक इस्त्री आणि जुने इंग्रजी शब्द. इस्त्री तापेपर्यंत ती जाडजूड शब्दकोशात डोकं खुपसून बसायची. गिऱ्हाइकाच्या पदरात कोटाबरोबर एखादा शब्दही पडायचा, आणि धाकटी कपाळाला हात लावायची.

धाकटी तिची सावत्र बहीण. ताई रांगत होती तेव्हाच तिची आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, मग धाकटी झाली. गल्लीत कुणी 'सावत्र' म्हटलं की धाकटी हसण्यावारी न्यायची, पण ते तिला सलायचं. आता वडील गेले, दुकान ताईच्या हाती आलं आणि ताईने नवी पाटी रंगवायला दिली. पाटीवर आपण असू का, हे विचारायची धाकटीची छाती होईना. कॉलरी घासण्यात तिचा जन्म गेला होता.

पाटी लागली. ताईच्या नावापुढे ठसठशीत अक्षरांत होतं, 'अँड सिस्टर-जर्मन'.

गल्लीला तेवढंच हवं होतं. "मशीन जर्मनीहून आणलं वाटतं?" शेजारचा चांभार म्हणाला. समोरच्या न्हाव्याने तर जर्मनची पातेली घासून मिळतील का, असं विचारलं.

धाकटी लालबुंद झाली. "ताई, सावत्र परवडलं गं! तू तर मला परदेशी करून टाकलंस."

ताईने इस्त्री उभी केली. "अगं वेडे, त्या देशाचा काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत नात्याला जर्मन जोडलं की ते सख्खं. ब्रदर-जर्मन म्हणजे सख्खा भाऊ. कझिन-जर्मन म्हणजे सख्खं चुलत, मामे, आते, मावस, सगळं एकात. आता कोणी वापरत नाही, एवढंच."

धाकटीने शब्दकोश ओढला, बोट ठेवून वाचलं आणि तिचा चेहरा पडला. "इथे लिहिलंय, आईबाप दोन्ही एकच असलेली. चुकलीस तू."

"मी? शब्दात?" ताई फणकारली. "मला वेण्या कुणी घातल्या? धपाटे कुणी घातले? आईनंच ना? दुसरी कुठली आई मला माहीतच नाही. आई एक, बाप एक. आणखी काय मागतोय तुझा शब्दकोश?"

धाकटीला हुंदका आला, हसूही आलं. तिने पदराने पाटी पुसली, नवी कोरी होती तरी.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक साड्यांचं गाठोडं घेऊन आलं. पाटी वाचून म्हणालं, "ही जर्मन बहीण कोण?"

"मीच," धाकटी म्हणाली. "सख्खी. आणा ते गाठोडं इकडे."