लिहून दिलेली भाषणं

फेब्रुवारी आला की माझं डोकं फिरतं. नवऱ्याला हे पाठ झालंय. काही विचारायचं असलं की तो आधी दारातून माझा चेहरा बघतो, आणि बहुतेक वेळा न विचारताच परत जातो.

हॅरोजवळच्या एका शाळेत मी शेवटच्या वर्षाच्या, म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना इंग्रजी साहित्य शिकवते. नागपुरात एम.ए. केलेली बाई इथल्या पोरांना शेकडो वर्षांपूर्वीचं इंग्रजी शिकवते, याचं आमच्या ओळखीच्या लोकांना फार कौतुक. कौतुक करणाऱ्यांनी एकदा गुरुवारी शेवटच्या तासाला येऊन बसावं. खिडक्या उघडत नाहीत, हीटर बंद होत नाही, आणि समोर बावीस चेहरे. त्यांच्या मते त्या काळातली सगळी माणसं धार्मिक होती आणि मग प्लेगने मेली, झाला विषय.

बरं, वाचायचं एक वेळ जमवतील, लिहायचं काय? अकराव्या वर्षापासून त्यांना एक साचा घोटवलेला असतो. आधी मुद्दा मांडा, मग मूळ ओळ द्या, मग ती समजावून सांगा, मग प्रश्नाकडे परत या. प्रत्येक परिच्छेद असाच. बावीस निबंध वाचले की एकच निबंध बावीस वेळा वाचल्यासारखा वाटतो. सगळ्यांना सगळं ‘परिणामकारक’ वाटतं. अरे, पण तुला काय वाटलं? तू वाचलंस तेव्हा तुझ्या डोक्यात काय आलं? असं विचारलं की बावीस जण माझ्याकडे असे बघतात, जणू मी त्यांच्या बँकेचा पिन मागितलाय.

‘‘मिस, ओपिनियन लिहिलं तर मार्क जातात का?’’

मी कपाळाला हात लावते. रोज लावते.

फेब्रुवारीत या मुलांच्या कोर्सवर्कचा पहिला मसुदा येतो. कोर्सवर्क म्हणजे परीक्षेबाहेर घरी लिहायचा मोठा निबंध, त्याचे गुण अंतिम निकालात धरतात. नियम कडक आहेत. शिक्षकाने मसुद्यावर फक्त ढोबळ सूचना द्यायच्या. हा भाग विस्कळीत आहे, इथे पुरावा कमी पडतो, एवढंच. वाक्य दुरुस्त करून द्यायचं नाही, शब्द सुचवायचा नाही. शेवटी एका फॉर्मवर मुलाने सही करायची की हे काम माझं स्वतःचं आहे, आणि त्याखाली शिक्षकाने सही करायची की होय, याचंच आहे. ती दुसरी सही माझी. ती नसेल तर निबंधाला शून्य.

त्या वर्षी माझ्या वर्गात आमच्या विहारातली एक मुलगी होती. वॉटफर्डला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर त्यांचं घर. तिची आजी चाळीसेक वर्षांपूर्वी विदर्भातून इथे आली, वडील ब्रॅकनेलला एका आयटी कंपनीत मॅनेजर आणि आमच्या मंडळाचे सेक्रेटरी. धाकटी बहीण आठ वर्षांची. रविवारी वंदनेला भेटली की ही मुलगी मला मावशी म्हणायची, सोमवारी वर्गात मिस. ही कसरत तिला छान जमायची. तिला कायद्याच्या अभ्यासाला जायचं होतं आणि एका चांगल्या युनिव्हर्सिटीने जागा देऊ केली होती, पण एका अटीवर. इंग्रजीत ए हवा.

मी त्या वर्षीही माझं नेहमीचं एक जुनं कथाकाव्य नेमलं होतं. त्यात एका सरदाराच्या घरी मेजवानी चालते आणि एकेक पाहुणा उठून लांबलचक भाषण ठोकतो. जानेवारीत वर्गात बसून टिपणं काढायची होती. मी बाकांमधून फिरत होते. तिच्या वहीपाशी थांबले आणि थांबूनच राहिले. तिने लिहिलं होतं: जेवण वाढणारी एक बाई आहे. ती अकरा वेळा आत-बाहेर करते, मी मोजलं. सगळे बोलतात, ती बोलत नाही. ती कधी जेवते ते कवी सांगत नाही.

मी एवढी वर्षं ते काव्य शिकवते. मी कधी मोजलं नव्हतं. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी स्वतःहून हेडला चहा करून दिला, यावरून काय ते समजा.

आणि मग फेब्रुवारीत तिचा मसुदा आला. छापलेला, डाव्या कोपऱ्यात सुबक टाचलेला. पहिल्याच परिच्छेदात मेजवानीच्या दालनातले ‘विविध स्टेकहोल्डर्स’ आले. तिसऱ्या पानावर सरदाराची ‘लीडरशिप स्टाइल’ आली. शेवटी ऑफिसच्या प्रेझेंटेशनसारखा ‘की टेकअवेज’ असा मथळा देऊन खाली ठिपके घातलेले चार मुद्दे. वाढणाऱ्या बाईचा कुठे पत्ता नव्हता.

माझा तिळपापड झाला. निबंध वाईट होता म्हणून नव्हे, निबंध फर्मास होता. व्याकरण चोख, वाक्यं पल्लेदार. परीक्षकाने त्या ठिपक्यांवर नाक मुरडलं असतं, पण ते गाळले की ए कुठे गेला नव्हता. फक्त तो ब्रॅकनेलच्या ऑफिसात जन्मलेला होता, आणि ते न कळायला मी काही दुधखुळी नव्हते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिला वर्गात बोलावलं. मसुदा बाकावर ठेवला आणि शक्य तितक्या थंडपणे विचारलं, ‘‘हे कुणी लिहिलं?’’

ती घाबरली नाही, याचाच मला आणखी राग आला. ‘‘मी लिहिला, मिस. मग पप्पांनी फिक्स केला. दोन वीकेंड बसले ते माझ्याबरोबर.’’

‘‘फिक्स केला? त्यातलं तुझं काय उरलंय?’’

‘‘माझं नाव,’’ ती म्हणाली. उद्धटपणे नाही, खरंच आठवून सांगितल्यासारखं.

मग मी जी सुटले ती सुटलेच. सहीचा अर्थ काय, नियम काय, हे बोर्डाला कळवलं तर तुझं काय होईल, अठरा वर्षांची घोडी झालीस, कायदा शिकायला निघालीस आणि ही लबाडी? तिचे डोळे भरले. मग ती शाळेत कधी बोलायची नाही ते मराठी बोलली.

‘‘मावशी, पण मी छोटी होते तेव्हा जयंतीचा स्पीच तुम्ही लिहून द्यायचे. सगळा तुम्ही लिहायचे. मी फक्त बोलायची. सगळे क्लॅप करायचे, आजी रडायची. तेव्हा कोणी नाही विचारला, यात तुझं काय आहे.’’

आमच्यात जयंती म्हटलं की कुणाची हे विचारायचं नसतं. एप्रिलमध्ये हॅरोला हॉल घेतात, निळे झेंडे लागतात, जेवण असतं, आणि मोठ्यांच्या आधी मुलांची भाषणं. मुलांना मराठी वाचता येत नाही, म्हणून कुणीतरी ती रोमन लिपीत लिहून द्यायची, आईबापांनी पाठ करून घ्यायची, आणि पोरांनी हात उंचावून धडाधड म्हणायची. समता, स्वातंत्र्य, बंधुता. प्रत्येक पोराला शेवटचा शब्द उच्चारताना धाप लागायची. आणि लिहून देणारं ते ‘कुणीतरी’ म्हणजे पंधरा वर्षं मीच. इंग्रजीची टीचर, भाषणं झकास लिहितात ताई. मलाही ते आवडायचं. मागच्या रांगेत बसून मी माझीच वाक्यं कोवळ्या आवाजात ऐकायचे आणि लोक म्हणायचे, केवढं छान बोलली पोरगी!

तिने मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हणाले, ‘‘ते वेगळं.’’ तिने विचारलं, ‘‘कसं?’’ वीस वर्षं पोरांना ‘सिद्ध कर’ म्हणणारी मी, माझ्याकडे पुरावाच नव्हता. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी आणखी चिडते, त्यामुळे मी तिला सरळ वर्गाबाहेर जायला सांगितलं.

त्या रविवारी विहारात वडिलांना गाठलं. ते माझ्याहून लहान, मला ताई म्हणतात. मी म्हणाले, ‘‘भाऊ, त्या मसुद्यावर मी सही करणार नाही.’’

‘‘अहो ताई, पण सगळेच पॅरेंट्स हेल्प करतात. बाकीची मुलं ट्यूटर लावतात, तासाला केवढे पाउंड देऊन. मी स्वतः बसलो. माझ्या वेळी माझ्याबरोबर बसायला कोणीच नव्हतं. माझी आई क्लीनिंगला जायची, तिला फॉर्म वाचता यायचा नाही.’’

‘‘म्हणून तर म्हणते, तिला स्वतःचं लिहू द्या.’’

‘‘आणि बी मिळाला तर? जागा गेली तर? तुम्ही जबाबदारी घेणार?’’

मी म्हणाले की नाही, घेणार नाही. खोटं कशाला बोलू. ते खुर्च्या लावायला निघून गेले. त्यानंतर दोन महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मंडळाच्या ग्रुपवर माझ्या मेसेजला नुसता अंगठा.

मुलीने नव्याने लिहिलं. नियमात बसेल असा एकच मार्ग होता: मसुदा बाद समजायचा आणि शाळेत, माझ्यासमोर, पहिल्यापासून सुरुवात करायची. तीन आठवडे ती जेवणाच्या सुट्टीत माझ्या वर्गात येऊन बसायची, एका हातात सँडविच. ती लिहायची, मी मार्किंग करायचे. तिचं वाक्य मध्येच लंगडायचं आणि माझा हात नुसता शिवशिवायचा. एकदा मी तोंड उघडलं तर तिने पेन खाली ठेवून म्हटलं, ‘‘मिस, जनरल कॉमेंट्स ओन्ली.’’ मी तोंड मिटलं. आयुष्यात मला कुणी इतक्या सहज गप्प केलेलं नाही.

मार्चअखेर निबंध आला. सुरुवात बोजड होती, मधली दोन पानं विस्कळीत, साचा होताच जागोजागी. पण चौथ्या पानावर ती बाई परत आली, अकरा फेऱ्या घालत. आणि तिथे मुलीने लिहिलं होतं की कवीने तिला बोलायला लावलं नाही ते एक प्रकारे बरंच झालं, कारण लावलं असतं तर तिच्या तोंडी त्याने आपलंच भाषण घातलं असतं. मी त्या वाक्यापाशी उठून खिडकी उघडायला गेले. खिडकी उघडत नाही हे विसरूनच.

गुण मात्र मी प्रामाणिकपणे दिले. एका पानावर भाळून ए देता येत नाही. बी. खाली सही केली. माझी सर्वांत नीट आलेली सही असेल ती. ऑगस्टमधल्या निकालाचं आत्ताच सांगून टाकते. परीक्षेतल्या पेपरांनीही ती तूट भरून निघाली नाही. पहिल्या पसंतीची जागा गेली, दुसरीकडे मिळाली, तिथेही कायदाच. माझ्यामुळे गेली का? हो, थोडी माझ्यामुळेच. हे मी कुणी न विचारताही स्वतःला सांगत असते आणि अजून त्याची सवय झालेली नाही.

पण ते सगळं पुढचं. एप्रिलमध्ये निकाल कुणालाच माहीत नव्हता आणि वडील माझ्यावर रुसलेले होते. तशात जयंतीची भाषणं लिहायला मी नकार दिला. कमिटीत एकच गदारोळ झाला. पोरं काय बोलणार? आणि बोललीच तर काय बोलतील, कसलं मराठी बोलतील? कुणी म्हणालं, ताईंना आता शिंगं फुटली. शेवटी ही मुलगीच पुढे आली. म्हणाली, मी बसवते मुलांना. दोन शनिवार ती सात-आठ पोरांना घेऊन बसली. काय लिहिलंय ते दाखव म्हणून मी मागे लागले, तर मला दारातच अडवलं.

‘‘जनरल कॉमेंट्स ओन्ली, मावशी.’’

कार्यक्रमाला हॉल भरला होता. वडील माइकपाशी उभे, हातात घडी घातलेला कागद. धाकटीसाठी त्यांनी ‘अगदीच अडली तर’ म्हणून स्वतः भाषण लिहून आणलं होतं, हे त्यांच्या बायकोने मला जिना चढतानाच सांगितलं. पहिल्या रांगेत आजी, पांढरी साडी, वर कार्डिगन.

आधीच्या पोरांनी जेमतेम दोन-दोन वाक्यं पुटपुटली. लोक चुळबुळू लागले. मग धाकटी आली. तिने हात वगैरे उंचावला नाही.

‘‘मला जास्त माहीत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मी आजीला विचारला. आजी छोटी होता तेव्हा गावातला विहीरचा पाणी नाही घेऊ शकत होता. कोणीतरी वरून ओतला तर घ्यायचा. आता आमच्या घरात तीन नळ आहे. मी पण पाणी पितो, आजी पण पितो. थँक यू.’’

हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. टाळ्या कुठे वाजवायच्या हे लिहून दिलेल्या भाषणात कळतं, इथे कुणालाच कळेना. मी मागच्या रांगेत माझी पर्स घट्ट धरून बसले होते. पंधरा वर्षं मी समता या शब्दावर पोरांना हात उंचावायला लावले होते, आणि त्यातल्या एकाही पोराला मी आजीला विचारून ये म्हणून सांगितलं नव्हतं.

मग पहिल्या रांगेतून आजीचा आवाज आला, हॉलभर ऐकू जाईल असा.

‘‘चार गं बाई. बागेतला धरून चार.’’

वडील माइकपासून हातभर अंतरावर उभे होते. धाकटीच्या प्रत्येक वाक्यात त्यांना दोन-दोन चुका सापडल्या असतील, मला सापडल्याच होत्या. त्यांनी तो घडीचा कागद खिशात टाकला, वाकून तिच्यासमोर माइक धरला आणि तिला एवढंच म्हणाले, ‘‘आजी काय म्हणते ते सांग सगळ्यांना.’’