म्होरक्या निवडताना

प्रबंध जमा करायला चार दिवस उरले होते आणि करमाडच्या माळावर माझी मेंढरं बोलायला तयार नव्हती. मेंढरं आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. बोलायचं होतं ते त्यांच्या गळ्यात मी बांधलेल्या वीस बिनतारी डब्यांनी. मध्ये टॉवर नाही, वायर नाही. डब्यांनी आपसात एक म्होरक्या निवडायचा, बाकीच्यांनी आपली माहिती त्याला द्यायची आणि त्यानं ती माझ्या लॅपटॉपवर पाठवायची. हा म्होरक्या कसा निवडायचा, एवढाच माझ्या पीएचडीचा विषय.

माझा नियम सोपा होता. ज्या डबीला सगळ्यात जास्त शेजारी ऐकू येतात, ती म्होरक्या. कॉलेजात टेबलावर हे झकास चालायचं. माळावर मात्र दर वेळी कळपाच्या मधोमध असलेलं मेंढरू निवडून यायचं, आणि चहूबाजूंनी अंगं दाटलेली असल्यानं त्याचा संदेश बाहेरच पडायचा नाही. संपर्क तुटला की पुन्हा निवडणूक, पुन्हा तेच मधलं. निवडणुका घेण्यातच बॅटऱ्या संपत होत्या. आता मुदतवाढ नाही, असं मार्गदर्शकांनी स्वच्छ सांगितलं होतं. पाच वर्षं पाण्यात गेली, या विचारानं रडू यायचं आणि बाहेर पडायची ती चिडचिड.

"आबा, ही एवढी चिकटून का उभी राहतात? जरा पांगवा ना!" मी बाभळीखाली बसलेल्या आबांवर खेकसले.

"म्होरकी नाय, तर जातील कुठं? एकमेकांच्या पोटाखाली डोकं घालून थांबत्यात."

"म्होरकी कोण?"

"काळी शेळी. ती म्होरं चालायची, मेंढरं मागं. इकली की मागल्या महिन्यात."

मी कपाळावर हात मारला. "का विकलीत? आणि मला सांगितलं नाही?"

"लई तडातडा चालायची. ह्या गुडघ्यानं तिच्यामागं चालवंना. ही बी द्यायचीच हायेत, तुझं काम झालं की."

महिनाभर मी मुकुंदवाडीहून रोज येत होते. तासातासाला बॅटऱ्या तपासत होते. आबांचा गुडघा मला दिसला नव्हता. लाज वाटली, पण त्या लाजेतही डोक्यात चार दिवसच होते.

"मी चालते पुढं," मी म्हणाले. "रांगेत आली तर संदेश सुटतील."

लॅपटॉप छातीशी धरून हाळ्या घालत मी नाल्यापर्यंत गेले. मागं वळून पाहिलं तर एकही मेंढरू हललं नव्हतं. त्यांच्या लेखी मी कुणीच नव्हते.

आबांनी ते पाहिलं. काठीवर रेटा देऊन ते उठले, कळवळून खाली बसले, पुन्हा उठले आणि लंगडत माझ्याकडं निघाले. मेंढरं त्यांच्यामागं एकेक करून सुटी झाली. स्क्रीनवर एक डबी बोलली, मग दुसरी, मग सगळ्या.

मला चार दिवस असंच कुणीतरी पुढं चालायला हवं होतं. मी त्यांना बसा म्हणाले नाही.